हसवणाऱ्या नटाला मोठी भूमिका कधी?

विनोदी कार्यक्रमांत वर्षानुवर्षं स्किट, म्हणजे काही मिनिटांची प्रहसनं, करणारा एखादा नट चित्रपटात गंभीर भूमिका करतो, शेवटच्या प्रसंगात डोळ्यांत पाणी आणतो, आणि थिएटरमधून बाहेर पडताना लोक एकमेकांना म्हणतात, "अरे, याला तर अभिनयसुद्धा येतो!" दुसऱ्या दिवशी परीक्षणात तेच जरा सजवून येतं: विनोदी कलाकार ही ओळख पुसून त्याने स्वतःला सिद्ध केलं. कौतुक मनापासूनच असतं. पण त्या एका वाक्यात त्या नटाच्या मागच्या सगळ्या कामावर बोळा फिरवला जातो. दर आठवड्याला त्याने एक नवा माणूस उभा केला, आज तलाठी, उद्या सासू, परवा दारूच्या नशेत तत्त्वज्ञान सांगणारा मामा. तो अभिनय नव्हता, तर काय होतं?

स्किटमधून पडद्यावर येणाऱ्या नटाकडून आधी विनोद काढून घ्यायचा आणि मग उरलेल्याची परीक्षा घ्यायची, ही पद्धत थांबली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. मोठी भूमिका त्याला विनोदासकट मिळाली पाहिजे. हसवणं ही खालची पायरी आणि रडवणं ही वरची, हा समज प्रेक्षकांपेक्षा निर्माते, दिग्दर्शक आणि पुरस्कार देणारे यांच्या डोक्यात जास्त घट्ट बसलेला आहे.

स्किट म्हणजे काय, हे आधी नीट बघू. सगळा खेळ काही मिनिटांचा. पडदा उघडल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात हा माणूस कोण, कुठला, त्याला काय हवंय आणि ते का मिळत नाही, एवढं कळलं नाही तर पुढचे पंच, म्हणजे हशा आणणारी वाक्यं, हवेत जातात. हे सगळं संवादांत सांगायला वेळच नसतो. ते चालीत असतं, पिशवी कोणत्या हातात धरली आहे त्यात असतं, पहिल्या शब्दाच्या हेलात असतं. दार उघडणाऱ्या बाईने पदर कमरेला खोचलेला आहे की खांद्यावरून ओढून घेतला आहे, एवढ्यावरून आलेला पाहुणा हवासा आहे की नकोसा, हे प्रेक्षकाला समजतं. आणि मग फीड देणं. हसू ज्याच्या वाक्याला येतं त्याचं नाव होतं, पण ते वाक्य जिथे पडायचं ती जागा समोरच्याने तयार केलेली असते. त्याने अर्धा क्षण उशीर केला, की पंच मेला. अभिनयाच्या शिबिरांत ऐकण्याविषयी बरंच बोललं जातं. स्किट करणारा नट न ऐकता एक आठवडाही टिकू शकत नाही.

अमेरिकेत 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा कार्यक्रम 1975 पासून न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होतो. बुधवारी संहितांचं सामूहिक वाचन, शनिवारी संध्याकाळी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम, त्या तालमीत जे पडलं ते कापायचं, आणि रात्री साडेअकराला थेट. आठवडाभर घासलेली भूमिका दोन तास आधी रद्द होऊ शकते. शिकागोत 1959 मध्ये सुरू झालेलं 'सेकंड सिटी' हे त्या आधीचं घर. तिथे प्रेक्षकांसमोर उत्स्फूर्तपणे उभे केलेले प्रसंगच पुढे लिहून पक्के केले जातात. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचं काही असेल, तर ते राष्ट्र सेवा दलाचं कलापथक आणि लोकनाट्याचा वग. निळू फुले तिथून आले, दादा कोंडके तिथून आले. गावोगावच्या मैदानांत, समोरच्या माणसांच्या चेहऱ्यांकडे बघत, कालचं वाक्य आज बदलत ही माणसं घडली. ती शाळा नव्हती असं कोण म्हणेल?

निळूभाऊंचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांचा प्रवास आपण उलट्या बाजूने लक्षात ठेवला आहे. महाराष्ट्राला ते खलनायक म्हणून आठवतात. पण त्यांचं नाव गाजलं ते 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगामुळे, आणि 1968 च्या 'एक गाव बारा भानगडी'मधला झेलेअण्णा ही त्यांची पडद्यावरची पहिली ठळक ओळख. 1974 च्या 'सामना'मध्ये तेच नट हिंदुराव पाटील झाले. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, समोर मास्तरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा असलेला हा माणूस आवाज चढवत नाही. तो आदरातिथ्य करतो, मास्तरांना आग्रहाने खाऊपिऊ घालतो, मिश्कीलपणे बोलतो, आणि मारुती कांबळेचं काय झालं, हा प्रश्न आला की त्याच मिश्कीलपणात एक थंडपणा उतरतो. तो थंडपणा वेगळा आणावा लागलेला नाही. वगातला सोंगाड्या, म्हणजे हसवणारा नट, पाटलाची, सावकाराची, राजाची फिरकी घेऊन जगतो. पाटील कसा बसतो, कुणाकडे न बघता कसा बोलतो, कुठल्या शब्दावर थांबतो म्हणजे समोरचा घाबरतो, हे सगळं सोंगाड्याने वर्षानुवर्षं बारकाईने टिपलेलं असतं, कारण त्याशिवाय त्याची नक्कल जमणारच नाही. अशा माणसाला त्या खुर्चीवर नेऊन बसवलं, तर तो खुर्ची आतून ओळखतो. हिंदुराव पाटील इतका खरा वाटला तो त्या सोंगाड्यामुळेच, असं माझं मत आहे. म्हणून सोंगाड्या मागे टाकून निळूभाऊ मोठे झाले, हे वाक्य मला पटत नाही.

हीच गोष्ट दुसऱ्या टोकाला बॉब ओडेनकर्क या अमेरिकन नटाच्या बाबतीत दिसते. हा माणूस 1987 मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये लेखक म्हणून रुजू झाला, पुढे नव्वदच्या दशकात डेव्हिड क्रॉसबरोबर 'मिस्टर शो' हा स्वतःचा स्किट कार्यक्रम केला. क्रिस फार्ली या नटासाठी 'सेकंड सिटी'त त्याने एक पात्र लिहिलं होतं: तरुणांना आयुष्य सुधारायचे धडे देणारा, ओरडून ओरडून घामाघूम होणारा वक्ता, जो स्वतः नदीकाठी उभ्या केलेल्या व्हॅनमध्ये राहतो. आपलं सगळं उद्ध्वस्त झालेलं असताना दुसऱ्याला काहीतरी विकत सुटलेला माणूस. 2009 मध्ये 'ब्रेकिंग बॅड' या मालिकेत सॉल गुडमन या भडक वकिलाची भूमिका ओडेनकर्ककडे आली, तीही सुरुवातीला मोजक्या भागांपुरती. नीट बघितलं तर सॉल हा त्या व्हॅनवाल्या वक्त्याचाच सख्खा भाऊ आहे.

त्या भूमिकेवर पुढे 'बेटर कॉल सॉल' ही स्वतंत्र मालिका उभी राहिली, 2015 ते 2022. चौथ्या पर्वाच्या शेवटी जिमी मॅगिल, म्हणजे अजून सॉल न झालेला हाच वकील, वकिलीचा परवाना परत मिळवण्यासाठी समितीपुढे उभा राहतो. मेलेल्या भावाचं पत्र वाचायला सुरुवात करतो, थांबतो, पत्र बाजूला ठेवतो आणि भावाविषयी मनातलं बोलू लागतो. आवाज दाटतो. समितीतल्यांचे डोळे ओलावतात, मागे बसलेली त्याची जोडीदार किमही हेलावते, आणि घरी बसलेला प्रेक्षकही. काम फत्ते होतं. बाहेर येताच जिमी हरखून जातो: कसं गुंडाळलं सगळ्यांना! किमच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विरतं. तेवढ्यात तो धंद्यासाठी नवं नाव घ्यायचा अर्ज मागतो.

या प्रसंगाची बांधणी स्किटची आहे. एक गृहीत धरायला लावायचं, ते वाढवत न्यायचं आणि शेवटच्या क्षणी उलटवायचं. पंचची जागासुद्धा तीच. फरक इतकाच की इथे पंच पडल्यावर हसू येत नाही, पोटात गोळा येतो. एखाद्या निव्वळ 'गंभीर' नटाने ते भाषण कदाचित आणखी करुण केलं असतं. पण उलटण्याच्या क्षणाची ती हलकी उडी त्याला साधली असती का, याची मला शंका आहे. त्या उडीतच माणूस हरवल्याचं कळतं. (या मालिकेला एमी या अमेरिकेतल्या टीव्ही पुरस्कारांची 53 नामांकनं मिळाली आणि एकही पुरस्कार मिळाला नाही. पुरस्कारांकडे मी पुढे येणारच आहे.)

ब्रिटिश अभिनेत्री ओलिव्हिया कोलमनचं नाव थोडक्यात घेतो. मिचेल आणि वेब या जोडीच्या स्किट कार्यक्रमात ती अनेक वर्षं दुय्यम पात्रं करत होती. 2018 च्या 'द फेव्हरिट'मधल्या राणी अ‍ॅनसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ती राणी हट्टी, हास्यास्पद आणि अतिशय दुःखी आहे, आणि बऱ्याचदा हे तिन्ही एकाच वेळी आहे. कोलमनने हसवणं सोडून ती भूमिका केली नाही.

आता आक्षेप. स्किटमुळे नटाला वाईट सवयी लागतात असं दिग्दर्शक म्हणतात, आणि ते खोटं नाही. पहिली सवय हशासाठी थांबायची. वाक्य टाकलं की समोरून लाट येते, ती ओसरेपर्यंत नट थांबतो. ही लाट त्याची मोजपट्टी असते. चित्रीकरणाच्या सेटवर मात्र सगळे श्वास रोखून उभे असतात, कुणीही हसत नाही, हसलं तर टेक वाया जातो. मोजपट्टीच हरवलेला नट मग जास्त जोर लावतो आणि कॅमेऱ्यात तो जोर दुप्पट दिसतो. दुसरी अडचण नजरेची. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये संहिता शेवटपर्यंत बदलत राहते म्हणून संवाद कॅमेऱ्याशेजारी धरलेल्या पुठ्ठ्यांवर लिहिलेले असतात. नट समोरच्या नटाकडे बघतोय असं वाटतं, पण बरेचदा तो वाचत असतो. आपल्याकडच्या कार्यक्रमांत नजर परीक्षकांच्या कोचाकडे जाते, कारण त्यांचं हसू संकलनात वापरलं जातं. चित्रपटात सगळं काम नजरेवर चालतं, त्यामुळे ही सवय महागात पडते. आणि तिसरं, सर्वांत अवघड: स्किटमधलं पात्र बदलत नाही. कंजूष माणूस शेवटपर्यंत कंजूषच राहतो, त्यातच गंमत असते. दोन तासांत हळूहळू बदलत जाणारा माणूस सांभाळायचा सराव स्किटमध्ये मिळत नाही.

हे सगळं मान्य. पण यातली एकही गोष्ट न सुटण्यासारखी नाही. रंगभूमीवरून चित्रपटात येणाऱ्या नटाचाही आवाज मोठा असतो, हातवारे मोठे असतात. त्याच्याबाबतीत आपण तालीम घेतो, पुन्हा टेक घेतो, वेळ देतो, कारण तो 'नट' आहे यावर आपला विश्वास असतो. स्किटवाल्याला एका दिवसासाठी बोलावतात. "तुम्ही तुमचं ते नेहमीचं करा," एवढ्या सूचनेवर उभं करतात. मग नेहमीचंच झालं, तर दोष कुणाचा?

मराठी चित्रपटसृष्टीने गेल्या काही वर्षांत या नटांचा चेहरा भरपूर वापरला. 2014 मध्ये झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' आलं, 2018 मध्ये सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. यांतली माणसं घरोघरी पोचल्यावर पोस्टरवर त्यांचे चेहरे दिसू लागले. बहुतेक वेळा नायकाचा मित्र, हवालदार, चहावाला, मोलकरीण. दोन प्रसंग, चार वाक्यं, आणि मग प्रसिद्धीच्या फेरीत मात्र सर्वांत पुढे. 2019 च्या हिंदी 'कबीर सिंग'मध्ये हास्यजत्रेतल्या वनिता खरातच्या वाट्याला आलेली मोलकरीण ग्लास फोडते आणि नायकाच्या पुढे जीव घेऊन पळते. तो प्रसंग गाजला, पण तिच्या ताकदीच्या नटीला त्यात करण्यासारखं किती होतं? त्याच्या शेजारी 2024 चा 'नाच गं घुमा' ठेवून बघा. परेश मोकाशींनी घरकाम करणाऱ्या बाईलाच कथेच्या मध्यभागी आणलं, मुक्ता बर्वेच्या बरोबरीची भूमिका नम्रता संभेरावला दिली. नम्रताने हास्यजत्रेतली लकब टाकून दिली नाही. ती हसवतेच, आणि त्या हसण्याखालून त्या बाईचा मान, तिची चीड, तिचं अवलंबून असणं वर येत राहतं.

निर्मिती सावंत यांचंही तसंच. 'कुमारी गंगूबाई नॉनमॅट्रिक' म्हणून त्यांना ओळखणाऱ्या प्रेक्षकाने 2021 च्या 'झिम्मा'मधली त्यांची गृहिणी पाहिली. पहिल्यांदाच घरच्यांशिवाय परदेशात निघालेली, बिचकलेली, हळूहळू मोकळी होणारी. लोक हसत हसत तिच्यासाठी हळवे झाले. गंगूबाई आणि ही बाई यांच्यात अंतर आहे, पण नटी तीच आहे आणि हत्यारंही तीच आहेत. बायकांच्या बाबतीत हे आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण स्किटमध्येसुद्धा त्यांच्याकडे अनेकदा नुसतं फीड देण्याचंच काम येतं, आणि चित्रपटात तर विनोदी बाई म्हणजे जाड किंवा भांडकुदळ बाई, इथेच लेखन थांबतं.

प्रेक्षक हे वेगळे कप्पे मानत नाहीत, याचा पुरावा 'चला हवा येऊ द्या'नेच दिलेला आहे. त्याच मंचावर सागर कारंडे पोस्टमन होऊन यायचा आणि अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र वाचायचा. शेतकऱ्याचं, आईचं, सीमेवरच्या जवानाचं. पाच मिनिटांपूर्वी साडी नेसून धुमाकूळ घालणाऱ्या नटांकडे बघून पोट धरून हसलेली माणसं त्या पत्राला रडायची. एकाही प्रेक्षकाने तक्रार केली नाही, की आम्हाला आधी ठरवून सांगा, हसायचं की रडायचं.

पुरस्कारांनी मात्र कप्पे केले. फिल्मफेअरमध्ये 1967 पासून 2007 पर्यंत विनोदी भूमिकेसाठी वेगळा पुरस्कार होता. वरवर तो सन्मान वाटतो. पण त्याचा अर्थ असाही निघतो की सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सहायक अभिनेता हे इतरांसाठी, तुमच्यासाठी हा वेगळा पाट. त्यातला शेवटचा पुरस्कार अर्शद वारसीला 'लगे रहो मुन्नाभाई'मधल्या सर्किटसाठी मिळाला. त्याच चित्रपटातल्या गांधीजींसाठी दिलीप प्रभावळकरांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो शंभर टक्के योग्य होता. हे प्रभावळकर चिमणराव होते, 'हसवाफसवी'त एकाच नाटकात सहा माणसं उभी करणारे होते. वेश बदलत, आवाज बदलत एका रात्रीत सहा जण होण्याचा तो सरावच गांधीजींच्या त्या नितळ, जराशा खट्याळ हसण्यात उतरला, असं मला वाटतं. पण सर्किट विनोदी आणि गांधी अभिनय, ही वाटणी कशाच्या आधारावर? 2007 नंतर तो वेगळा पुरस्कार बंद झाला आणि मुख्य विभागांत विनोदाला जागा काही वाढली नाही. अमेरिकेतही जिम कॅरीला 'द ट्रूमन शो' आणि 'मॅन ऑन द मून' या लागोपाठच्या दोन चित्रपटांसाठी गोल्डन ग्लोब मिळाला, ऑस्करचं साधं नामांकन आजवर एकदाही नाही. त्याच्याबरोबर 'इन लिव्हिंग कलर'मध्ये स्किट केलेल्या जेमी फॉक्सला 'रे'साठी ऑस्कर मिळालं. तिथे नक्कल एका थोर गायकाची होती, म्हणून ती कला ठरली.

याचा फटका कुणाला बसतो, हे लक्ष्मीकांत बेर्डेच्या बाबतीत आपण पाहिलं आहे. 1992 मध्ये 'एक होता विदूषक' आला. जब्बार पटेल दिग्दर्शक, पु. ल. देशपांडे लेखक. तमाशातला सोंगाड्या चित्रपटाचा नट होतो, मग राजकारणात ओढला जातो. लक्ष्मीकांतने त्यात विदूषकासकट माणूस उभा केला. चित्रपट चालला नाही, आणि सगळ्यांनी निष्कर्ष काढला की लोकांना तो फक्त 'लक्ष्या' म्हणूनच हवा आहे. एका चित्रपटावरून. गंभीर म्हणवणाऱ्या नटाचा एक चित्रपट पडला म्हणून त्याला आयुष्यभर विनोदी भूमिका करायला लावल्याचं एक तरी उदाहरण दाखवा. 2004 मध्ये लक्ष्मीकांत गेला. मधल्या बारा वर्षांत त्याच्यासाठी तशी दुसरी भूमिका कुणी लिहिल्याचं मला आठवत नाही, आणि याची हळहळ मला अजून वाटते.

काही जण वाट बघत बसले नाहीत. दादा कोंडक्यांनी 1971 मध्ये स्वतःच 'सोंगाड्या' काढला. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मधल्या क्रिस्टन विगने 'ब्राइड्समेड्स' हा चित्रपट सहलेखिका म्हणून लिहिला आणि पटकथेचं ऑस्कर नामांकन मिळवलं. तिथल्याच बिल हेडरने 'बॅरी' ही मालिका सहनिर्माता म्हणून घडवली आणि अभिनयाचे दोन एमी घेतले. जॉर्डन पीलने तर स्किटमधला भीतीचा धागा पकडून 'गेट आउट' केला आणि मूळ पटकथेचं ऑस्कर मिळवलं. आपल्याकडे हास्यजत्रेतल्या प्रसाद खांडेकरने 2023 मध्ये 'एकदा येऊन तर बघा' दिग्दर्शित केला. स्किट करणारे बरेच जण लिहिणारेही असतात, त्यामुळे हा रस्ता त्यांना सुचतो. पण प्रत्येक नटाने आधी लेखक आणि मग निर्माता व्हावं, तेव्हाच त्याला भूमिका मिळावी, ही अट आपण दुसऱ्या कुठल्याही नटाला घालत नाही.

म्हणून मागणं लेखकांकडे आणि दिग्दर्शकांकडे आहे. पुढच्या संहितेत मित्राच्या भूमिकेसमोर ज्याचं नाव लिहिलं आहे, ते उचलून मुख्य भूमिकेसमोर लिहून बघा. त्याला महिनाभर तालीम द्या, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची सवय लागेपर्यंत. आणि भूमिका मोठी झाली म्हणून संहितेतला एकही विनोद कापू नका.